खालच्या जबड्यात ॲमेलोब्लास्टोमा: खरवडायचं की हाड कापायचं, आणि त्यानंतर काय काय?

निळीशाई

नमस्कार. धाकट्या बहिणीचा (वय २९) बायोप्सी रिपोर्ट आला आहे: ॲमेलोब्लास्टोमा, कन्व्हेन्शनल, फॉलिक्युलर पॅटर्न. गाठ खालच्या जबड्यात डावीकडे आहे, दुसऱ्या दाढेपासून मागे जबडा वर वळतो तिथपर्यंत. सीटीमध्ये लांबी साधारण ४.५ सेंटीमीटर, आत जाळीसारखे कप्पे, गालाकडचं हाड एका जागी पार विरलेलं. दोन दाढांची मुळं झिजली आहेत. दुखत नाही. गाल फुगलेला दिसतो आणि दाढा हलतात, एवढंच.

दोन ठिकाणी दाखवलं. एका ठिकाणी म्हणाले, कॅन्सर नाही, खरवडून काढू, जबडा वाचेल. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, हाडाचा तुकडाच काढावा लागेल आणि पायाच्या हाडाने जबडा पुन्हा बांधू. एकाच रिपोर्टवर इतकी वेगळी मतं कशी? कॅन्सर नसेल तर हाड का कापायचं? पायाचं हाड दिल्यावर चालता येतं का? ओठ बधिर होतो म्हणाले, तो कायमचा का? दात परत कधी बसतात? आणि गोळ्यांनी ही गाठ आकसते असं वाचलं, त्यात कितपत तथ्य आहे? या क्षेत्रातल्या लोकांनी कृपया सविस्तर सांगावं. शस्त्रक्रियेची तारीख अजून घेतलेली नाही.

जबडाशल्य

तारीख घेण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. या गाठीत पहिली शस्त्रक्रिया हीच सगळ्यात चांगली संधी असते.

'कॅन्सर नाही' हे खरं आहे, पण अर्धंच. दाताचं इनॅमल घडवणाऱ्या पेशींच्या थरातून ही गाठ उगवते. ती क्वचितच शरीरात दुसरीकडे पसरते, पण जागच्या जागी हाड पोखरत जाते. तिला नीट कवच नसतं. हाडाच्या आतल्या जाळीदार भागात तिच्या पेशी बारीक बोटांसारख्या घुसतात, आणि एक्स-रेवर जिथे गाठ संपल्यासारखी दिसते त्याच्या पुढे २ ते ८ मिलिमीटरपर्यंत त्या सापडतात. खरवडताना चमचा दिसणाऱ्या पोकळीच्या भिंतीवर फिरतो. त्या पेशी भिंतीच्या पलीकडे असतात. म्हणूनच कन्व्हेन्शनल, म्हणजे नेहमीच्या, हाडात घुसणाऱ्या प्रकारात नुसतं खरवडल्यावर गाठ परत येण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांत निम्म्याहून बरंच जास्त दिसलं आहे. आणि परत आलेली गाठ बहुधा एका जागी नसते. स्नायूत, जुन्या व्रणात, हाडात अशी विखुरलेली असते. मग पहिल्यापेक्षा मोठं कापावं लागतं.

म्हणून कन्व्हेन्शनल प्रकारासाठी रूढ उपाय असा: सीटीवर दिसणाऱ्या कडेपासून दोन्ही बाजूंना १ ते २ सेंटीमीटर निरोगी हाड धरून काढायचं. जिथे हाडाचं कवच फुटलं आहे तिथे त्यावरचा मऊ थरही सोबत घ्यायचा. बहिणीचं कवच एका जागी विरलं आहे, म्हणजे तिथे हाडावरचं आवरण आणि लगतच्या स्नायूचा पातळ थर जायला हवा. हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा, कारण हाडाचा हिशोब सगळे करतात, मऊ भागाचा राहून जातो.

जबड्याची खालची कड वाचवता येईल का, हा पुढचा प्रश्न. गाठीखाली निदान १ सेंटीमीटर उंचीची निरोगी कड उरत असेल, तर वरचा भाग काढून जबडा सलग ठेवता येतो. ४.५ सेंटीमीटरची आणि मागे वर चढलेली गाठ असताना ती कड क्वचित उरते. तेव्हा हिशोब असा: ४.५ अधिक दोन्ही बाजूंचे १ ते १.५, म्हणजे साडेसहा ते साडेसात सेंटीमीटरची पोकळी. कमरेच्या हाडाचा रक्तवाहिनी न जोडलेला तुकडा साधारण ५–६ सेंटीमीटरपर्यंतच भरवशाचा असतो. त्यापुढे तो विरघळण्याची किंवा सडण्याची शक्यता वाढते. म्हणून पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिनीसकट आणून मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात. दुसऱ्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते नियमाला धरून आहे.

खरवडणं योग्य असतं अशीही गाठ आहे: युनिसिस्टिक, म्हणजे एकाच पोकळीची, आणि पेशी फक्त आतल्या अस्तरापुरत्या किंवा पोकळीत डोकावणाऱ्या. ती बहुधा कमी वयात दिसते. तिथे पोकळी काढून, उरलेल्या पेशी मारायला भिंतीला कार्नॉय द्रावण लावतात. मूळ कृतीत ६ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, ३ मिलिलिटर क्लोरोफॉर्म, १ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि १ ग्रॅम फेरिक क्लोराइड असतं; आता बऱ्याच ठिकाणी क्लोरोफॉर्म वगळतात. साधारण ३ मिनिटं गॉज भिजवून ठेवतात आणि जबड्यातली नस उघडी असेल तर ती झाकतात, नाहीतर तीच भाजते. पण त्याच युनिसिस्टिक गाठीच्या पेशी भिंतीच्या आत शिरल्या असतील, ज्याला म्युरल म्हणतात, तर तिला कन्व्हेन्शनलसारखंच वागवलेलं बरं.

पायाबद्दल थोडक्यात. फिब्युलावर शरीराचा भार फार कमी येतो. गुडघ्याकडे साधारण ६ आणि घोट्याकडे ६–८ सेंटीमीटर हाड जागेवर ठेवलं की दोन्ही सांधे स्थिर राहतात. आधी पायांच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ मात्र हवाच. काही लोकांत पावलाला मुख्य रक्तपुरवठा त्याच वाहिनीतून होतो जी आपण काढणार असतो. तसं असेल तर दुसरा पाय किंवा दुसरं हाड निवडतात. जबड्याच्या वळणासाठी फिब्युला कापून वाकवतात; प्रत्येक तुकडा २ सेंटीमीटरपेक्षा लहान झाला की त्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. हल्ली हे कापण्याचे साचे संगणकावर आधीच आखतात. त्यासाठी जबड्याचा सीटी १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा लागतो. जुना जाड कापांचा असेल तर पुन्हा काढावा लागेल, हे आधीच विचारून घ्या.

काचपट्टी

पॅथॉलॉजीच्या बाजूने तीन गोष्टी.

फॉलिक्युलर की प्लेक्सिफॉर्म यावर फार वेळ घालवू नका. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा नमुना आहे, त्यावरून शस्त्रक्रिया बदलत नाही. बदलते ती कन्व्हेन्शनल की युनिसिस्टिक यावरून. लहान बायोप्सीत मोठ्या गाठीचा फक्त एक कोपरा येतो. युनिसिस्टिक असं लहान तुकड्यावर लिहिलं असेल तर ते कच्चं निदान. पूर्ण गाठ तपासल्यावर भिंतीत पेशी सापडू शकतात. तुमच्या बाबतीत उलट आहे. कन्व्हेन्शनल असं दिसलं आहे, सीटीत कप्पे आहेत, मुळं झिजली आहेत, म्हणजे सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळतात. शंका असेल तर बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) आणि काचा मागून घ्या आणि जबड्याच्या गाठी नेहमी पाहणाऱ्या ओरल पॅथॉलॉजिस्टला दाखवा.

दुसरी गोष्ट, गोळ्यांची. खालच्या जबड्यातल्या बऱ्याच ॲमेलोब्लास्टोमांत, अनेक अभ्यासांत निम्म्याहून जास्त, बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल असतो. हे २०१४ मध्ये पुढे आलं. वरच्या जबड्यात एसएमओ जनुकातले बदल जास्त आढळतात. बीआरएएफ बदल असलेल्या गाठी डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्यांनी आकसल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये या जोडीला हा बदल असलेल्या घन गाठींसाठी परवानगी मिळाली. पण ती शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या किंवा पसरलेल्या आणि आधीच्या उपचारांना न जुमानणाऱ्या गाठींसाठी. शस्त्रक्रियेआधी गोळ्या देऊन कमी हाड काढायचं, हे लहान गटांत करून पाहिलं आहे. ते अजून रोजचा उपाय झालेलं नाही. ताप, पुरळ, हृदयाची पंपिंग क्षमता कमी होणं, डोळ्यांच्या तक्रारी हे दुष्परिणाम असतात, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि डोळ्यांची तपासणी आधी आणि मधूनमधून करतात. बहिणीचं वय पाहता आणखी एक: या काळात गर्भधारणा टाळावी लागते, आणि डॅब्राफेनिबमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, त्यामुळे फक्त त्यांवर विसंबून चालत नाही.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हाडाचा नमुना कापता यावा म्हणून तो आम्लात मऊ करतात. तीव्र आम्लात डीएनए तुटतो आणि पुढे जनुकीय तपासणी फसते. म्हणून शस्त्रक्रियेआधीच सांगून ठेवा: गाठीचा मऊ तुकडा वेगळा काढून आम्लात न घालता ब्लॉक करा. आज तपासणी करायची नसली तरी तो ब्लॉक पुढे कामाला येतो.

निळीशाई

खूप आभार. खरवडण्याचा विचार आम्ही सोडला. आता शस्त्रक्रियेनंतरचं विचारते. रुग्णालयात आम्ही घरच्यांनी नेमकं काय बघायचं? नळीतून जेवण किती दिवस? आणि पाय, तोंड उघडणं, ओठ यांचं काय?

वॉर्डकडून

पहिले तीन दिवस जोडलेल्या रक्तवाहिनीचे असतात. सुरुवातीला दर तासाला नर्स फ्लॅपचा (पायातून आणलेल्या हाड-चामडीचा) रंग, ऊब आणि दाबल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ बघते, डॉपलर यंत्राने रक्तप्रवाहाचा आवाज ऐकते. दोन ते तीन सेकंदांत रंग परत यायला हवा. जांभळट, फुगलेला आणि दाबताच झटकन रंग परतणारा फ्लॅप म्हणजे रक्त आत जातंय पण बाहेर येत नाही. पांढरा, गार, रंग न परतणारा म्हणजे रक्त आतच येत नाही. दोन्हींत पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकी वाचण्याची शक्यता जास्त. रात्री तीन वाजता 'पुन्हा आत नेतोय' असा निरोप आला तर तो हलगर्जीपणा समजू नका. लक्ष ठेवल्यामुळेच ते कळलं आहे. तोंडातली चामडी आजूबाजूच्या गुलाबी त्वचेपेक्षा फिकी दिसते, कारण ती पायाची आहे. ते बिघडल्याचं लक्षण नाही.

घरच्यांनी एक गोष्ट जरूर बघावी: मानेभोवती काहीही घट्ट नको. ऑक्सिजन मास्कची पट्टी, श्वासनळीतल्या नळीची फीत, गाऊनची नाडी, सगळं. जोडलेली रक्तवाहिनी मानेत कातडीखालीच असते आणि एका फितीने दबते. डॉक्टरांनी सांगितलेल्या बाजूलाच मान ठेवायची. तंबाखू आणि निकोटिन कुठल्याही रूपात नको. च्युइंगगम आणि पट्टीसुद्धा आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

नाकातली नळी बहुतेकदा ७ ते १० दिवस असते. तोंडातली जखम कशी भरते त्यावर ठरतं. नळीतून देताना पाठ ३०–४५ अंश उंच, आणि दिल्यावर अर्धा ते एक तास तशीच. एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, वीस-तीस मिनिटांत, आधी आणि नंतर साधारण ३० मिलिलिटर पाणी. हे पाणी चुकवलं की नळी तुंबते. गोळ्या कुटून देण्याआधी विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, पूर्ण दिवसाचा डोस एकदम उतरतो. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हे ढोबळ लक्ष्य. ५५ किलो वजनाला ते साधारण १४०० ते १६५० कॅलरी आणि ६६ ते ८३ ग्रॅम प्रथिनं होतं. घरी आल्यावर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी वजन करून लिहून ठेवा.

तोंड धुणं कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. त्यानंतर क्लोरहेक्सिडिन दिवसातून दोनदा, १० ते १५ मिलिलिटर, पण टूथपेस्ट लावल्यावर अर्धा तास थांबून, कारण पेस्टमधल्या फेसाने त्याचा असर जातो. बाकी वेळा प्रत्येक खाण्यानंतर मिठाचं कोमट पाणी. जोरात चूळ भरून थुंकायचं नाही, मान वाकवून पाणी गळू द्यायचं. टाके उसवून तोंडातली लाळ मानेत उतरू लागली तर मानेवर लाली, सूज आणि दुर्गंधी असलेला स्राव दिसतो. त्यासाठी पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

कधी दोन्ही जबडे काही दिवस तारेने किंवा रबराने बांधतात. तसं असेल तर तार कापायची कात्री उशाशी असलीच पाहिजे आणि कुठली तार कापायची ते घरातल्या दोघांना तरी दाखवून घ्या. उलटी आली तर आधी पुढे वाकवायचं, मग कापायचं.

हळूहळू_चाल

पाय. सुरुवातीला काही दिवस घोटा पट्टीच्या आधाराने काटकोनात ठेवतात, नाहीतर पाऊल खाली झुकतं आणि टाच टेकत नाही. आठवड्याभरात वॉकरने टेकत चालणं बहुतेकांना जमतं. मांडीची कातडी पोटरीवर लावली असेल तर थोडं उशिरा. सगळ्यात जास्त त्रास अंगठा देतो: त्याला वाकवणारा स्नायू या हाडालाच चिकटलेला असतो. तो आखडला की अंगठा खाली मुडपतो. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की हाताने अंगठा वर ताणून ३० सेकंद धरायचं, दिवसातून चार-पाच वेळा, गुडघा सरळ ठेवून. पायाला सूज काही महिने संध्याकाळी येत राहते. पाऊल वर उचलताच येत नसेल, किंवा पोटरी एकाएकी दुखून घट्ट झाली असेल, तर ते नेहमीचं नाही. पहिल्यात नस दबलेली असू शकते, दुसऱ्यात रक्ताची गुठळी.

तोंड उघडण्याचं मोजमाप पट्टीने करा: समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या कडांमधलं अंतर. ३५ मिलिमीटरच्या खाली असेल तर ते कमी. शस्त्रक्रियेआधीचा आकडा आजच लिहून ठेवा, नंतर तुलना करायला दुसरं काही नसतं. व्यायाम शल्यचिकित्सकाने हिरवा कंदील दाखवल्यावरच. मग तोंड ताणून उघडायचं, ७ सेकंद धरायचं, असं ७ वेळा, आणि दिवसातून ७ फेऱ्या. घसा बघायच्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरता येतात. दर काही दिवसांनी एक पट्टी वाढवायची. ताण हवा, कळ नको. हनुवटी शस्त्रक्रियेच्या बाजूला सरकत असेल तर आरशासमोर, मधल्या रेषेवर ठेवूनच उघडायचं. चुकीच्या वाटेने केलेले शंभर व्यायाम तीच वाट पक्की करतात.

ओठ. जबड्याच्या आतून जाणारी नस गाठीबरोबर कापली गेली तर त्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. नस जोडली नाही तर ती बधिरता बहुधा कायमची असते. त्याच वेळी दुसरीकडची नस आणून जोडता येते का, हे आत्ताच विचारा, नंतर ती संधी अवघड होते. जोडलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणून संवेदना परत यायला महिने लागतात आणि ती बहुधा पूर्वीसारखी पूर्ण नसते. ओठ बधिर आहे आणि ओठ हलत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: हसताना एक कोपरा खाली उतरत नसेल तर ती चेहऱ्याच्या नसेची बारीक फांदी ताणली गेल्यामुळे. ती कापली गेली नसेल तर बहुतेकदा काही महिन्यांत सुधारते. बधिर ओठावर गरम पेय लावून बघू नका, आधी चांगल्या बाजूने चाचपा. खाल्ल्यावर आरशात बघायची सवय लावा. चावलेला ओठ आणि हनुवटीवर सांडलेलं अन्न दोन्ही कळत नाही.

कवळीकाम

दातांचं. घाई केली तर नुकसान होतं. फिब्युला जबड्याशी सांधायला काही महिने लागतात. इम्प्लांट (हाडात बसवायचे धातूचे खुंट) साधारण ६ महिन्यांनी बसवतात आणि त्यावर दात आणखी ३ ते ६ महिन्यांनी. म्हणजे वर्षभर धरून चाला. निवडक केंद्रांत हाड, इम्प्लांट आणि तात्पुरते दात एकाच दिवशी बसवतात. आखणी फार काटेकोर लागते.

अडचण उंचीची असते. फिब्युला साधारण १२ ते १५ मिलिमीटर उंच, दात असलेला जबडा त्याच्या दुप्पट. वर लांब दात बसवले तर इम्प्लांटवर तरफेसारखा ताण येतो. त्यावर उपाय म्हणजे हाड दुहेरी घडी करून बसवणं किंवा थोडं वरच्या पातळीवर ठेवणं. हे शस्त्रक्रियेच्या आखणीत ठरतं, म्हणून दात बसवणारा डॉक्टर त्या बैठकीत आधीपासून असायला हवा. नंतर बोलावलं तर तो जे मिळेल त्यावर बांधतो.

दुसरी अडचण चामडीची. पायाची चामडी जाड आणि हलती असते, इम्प्लांटभोवती लाल मांस वाढतं. बहुधा ती पातळ करावी लागते किंवा टाळूची घट्ट त्वचा लावावी लागते. इम्प्लांटभोवती रोज बारीक ब्रश फिरवणं टाळता येत नाही.

निळीशाई

शेवटचा प्रश्न. कडा स्वच्छ आल्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला गाठीच्या पेशी नाहीत, असं लिहून आलं तर तपासण्या किती वर्षं?

जबडाशल्य

आयुष्यभर, पण दाटी कमी होत जाते. पहिली ५ वर्षं दर ६ महिन्यांनी तपासणी आणि ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे), त्यानंतर वर्षातून एकदा. बऱ्याच गाठी पहिल्या ५ वर्षांत परततात, पण १० वर्षांनंतर परतल्याचीही उदाहरणं आहेत. नवीन सूज, प्लेटच्या (नवीन हाड धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) जागी टकटक, हिरडीतून पू, किंवा आधी जाणवणारा भाग बधिर होणं, यासाठी पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. ओपीजीत मऊ भागातली गाठ दिसत नाही, म्हणून शंका आली की सीटी किंवा एमआरआय. पहिला सीटी शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक चित्राची तुलना त्याच्याशी होते. प्लेट आणि स्क्रूमुळे आजूबाजूला चट्टे उमटतात, ते नवीन वाचणाऱ्याला गाठीसारखे वाटू शकतात.

सीटीच्या सीडी, ब्लॉकचा क्रमांक, शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत आणि बसवलेल्या प्लेटचं स्टिकर एका फाइलमध्ये ठेवा. प्लेट कधी काढायची वेळ आली तर त्या स्क्रूला बसणारा स्क्रूड्रायव्हर कुठला, हे त्या स्टिकरवरूनच कळतं.